नावाची बटाई

आमच्या महाबळ कॉलनीतल्या दोन घरांमध्ये चार फुटांची एक भिंत आहे. दिवसा तिच्यावर गोधड्या वाळतात आणि संध्याकाळी इतरांची लक्तरं. उन्हाळ्यात मात्र विषय जरा बदलतो. जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे सरकला की बायकांना बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड आणि वर्षाचा मसाला यांच्याशिवाय काही सुचत नाही. पुरुषांना तर काहीच सुचत नाही.

त्या दिवशी सहाच्या सुमाराला पलीकडून वहिनींची हाक आली. वहिनींचं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. जळगावात पस्तीस वर्षं काढली तरी राग आला किंवा घोळ झाला की त्या अहिराणीत शिरतात. त्या दिवशी घोळ झाला होता.

"ताई, हाई काय शे वं माय? माले काही समजनं नही," असं म्हणत त्यांनी मोबाइल भिंतीवरून माझ्या हातात दिला.

मेसेज पुण्याच्या भाचीचा होता. भाची म्हणजे वहिनींच्या नणंदेची मुलगी, हडपसरला असते. तिनं लिहिलं होतं, 'मामी, तुझा काळा मसाला इथे सगळ्यांना वेड लावतो. मी पाकिटं काढायचं म्हणतेय. मिरची, खोबरं, धणे मीच आणेन, कांडपावर मीच करून घेईन, विकेनही मीच. पाकिटावर फक्त तुझं नाव आणि फोटो टाकते. त्याची तुला रॉयल्टी देईन. किती घेशील ते सांग.'

"मिरची तिची, कांडप तिचं, विकणार ती," वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या. "मग पैसे मला? कसाले?"

फुकटचे पैसे येत असताना 'का' विचारणारी बाई आमच्या गल्लीत एकच आहे, म्हणून मला त्या आवडतात. मी ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं बुककीपिंग शिकवलं. त्यात रॉयल्टीच्या खात्यांवर एक प्रकरण असे. मुलांना ते नको वाटायचं, कारण त्यातली उदाहरणं कोळशाच्या खाणींची, आणि खान्देशातल्या पोरानं खाण कुठे बघितलेली असणार? तेव्हा मी जी युक्ती करायचे तीच वहिनींवर केली.

"तुमचं शिरसोलीकडचं शेत बटाईनं दिलंय ना?"

"निमबटाईनं."

"राबतो तो, उन्हात तो, फवारणीला तो. तरी अर्धा कापूस तुमच्या दारात. कसाले?"

"शेत आमचं आहे म्हणून!"

"मग हे नाव तुमचं आहे म्हणून."

वहिनी गप्प झाल्या. एवढ्यात समोरचे आबा झारी घेऊन फाटकात आले. आबा एमआयडीसीतल्या रेमंडच्या गिरणीतून रिटायर झालेले. तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून बायकांच्या गप्पा ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. सगळं ऐकून त्यांनी निकाल दिला, "नावाचे पैसे म्हणजे बसल्या जागी पैसे. आपल्याकडे असलं काही चालत नाही."

"आबा, तुमच्या मुलानं दिवाळीत टीव्ही कुठला घेतला?"

"कोडॅक."

"कोडॅक कशाची कंपनी?"

आबांनी झारी खाली ठेवली. त्यांच्या लग्नाचे फोटो कोडॅकच्या रोलवर निघालेले. पिवळ्या डब्यातला तो रोल धुवायला टाकायचा आणि चार दिवस वाट पाहायची. त्या अमेरिकन कंपनीनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. डिजिटल कॅमेऱ्यानं रोलच खाऊन टाकला होता. पुढे कंपनी त्यातून सावरली, पण आबांच्या दिवाणखान्यातला टीव्ही काही तिच्या कारखान्यातून आलेला नाही. तो बनवते नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही आपली देशी कंपनी. कोडॅकचं नाव तिनं करारानं घेतलंय. थॉमसन हे फ्रेंच नाव आणि ब्लाउपुंक्ट हे जर्मन नावही तिनं असंच घेतलंय. कोरियात तर तरुण पोरं कोडॅक छापलेले कपडे हौसेनं घालतात. रोल संपला, फोटो संपले, पण तीन पिढ्यांच्या डोक्यात बसलेलं ते पिवळं-लाल नाव संपलं नाही. तेच आता बटाईनं दिलं जातं.

"पण टीव्ही चांगला आहे हो," आबा घाईनं म्हणाले.

"चांगलाच असणार. वाईट आहे असं कोण म्हणतंय? मी मालकाचं बोलतेय."

वहिनींना तोवर स्वतःचं स्वयंपाकघर आठवलं होतं. "माझा मिक्सर फिलिप्सचा आहे. तो तरी फिलिप्सचाच ना?" मी मान हलवली. फिलिप्सनं घरगुती वस्तूंचा सगळा धंदा २०२१ मध्ये हिलहाउस या गुंतवणूक कंपनीला विकला. किंमत सुमारे ३७० कोटी युरो. नाव मात्र विकलं नाही. ते पंधरा वर्षांच्या बोलीनं वापरायला दिलं आणि त्या नावाच्या पैशांची आजची किंमत आणखी ७० कोटी युरो धरली. त्या विकलेल्या धंद्याच्या कंपनीचं नाव आता व्हर्सुनी. तिच्या मिक्सरवर 'व्हर्सुनी' लिहिलं तर धुळ्याच्या आग्रा रोडवर कोण हात लावेल? त्याआधी २०१० मध्ये टीव्हीसाठी हेच फिलिप्स नाव भारतात व्हिडिओकॉननं घेतलं होतं, आपल्या संभाजीनगरजवळच्या चितेगाववाल्यांनी. म्हणजे टीव्ही मराठवाड्याचा आणि नाव हॉलंडचं.

"अरे देवा. मग नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच?" वहिनी म्हणाल्या. सोन्याच्या बाजाराच्या गावात ही म्हण जरा जास्तच चालते.

"तसंच नाही. वाळा सोन्याचाही असू शकतो. फक्त तो सोनूबाईनं घडवलेला नसतो."

इथे आबांचा अभिमान जागा झाला. "आमच्या रेमंडचं तसं नाही बरं. कापड आम्ही विणलंय. १९२५ ची कंपनी, ठाण्याची. जळगावची गिरणी १९७९ ची. सूट, शर्ट, सगळं घरचं."

मला हा मोका सोडवेना. "आबा, तुम्ही लग्नाकार्याला पार्क अव्हेन्यू फवारता ना?"

"फवारतो की. कंपनीचंच आहे."

"शर्ट कंपनीचा. फवारा नाही."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रेमंड समूहानं साबण, डिओडरंट वगैरेंचा धंदा २०२३ मध्ये गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटी रुपयांना विकला. त्या सौद्यात पार्क अव्हेन्यू हे नाव मधून चिरलं गेलं. सुगंधी फवारे, साबण, शाम्पू यांच्यासाठीचं नाव गोदरेजकडे आणि कपड्यांचं रेमंडकडे. ही बटाई नव्हे, विक्री झाली. पण नाव हे शेतासारखंच असतं, त्याचे गट पाडता येतात, हे मला त्यातून फार नीट कळलं. एकाच माणसाच्या अंगावर एकच नाव दोन वेळा असतं. काखेत एका मालकाचं, पाठीवर दुसऱ्याचं.

आबा थोडा वेळ नुसतेच झारीकडे बघत बसले. मग म्हणाले, "निदान २,८२५ कोटी आले ना." गिरणीतला माणूस तो, हिशेब आधी बघणार.

आता वहिनींचा मूळ प्रश्न पुढे आला, 'किती घेऊ?' मी भिंतीवरच खडूनं लिहायला घेतलं. एकतीस वर्षांची सवय जात नाही.

समजा, दोनशे ग्रॅमचं पाकीट गिऱ्हाइकाला दोनशेला पडतं. पण भाची दुकानदाराला देते दीडशेला. बहुतेक ठिकाणी नावाचे पैसे या दीडशेवर मोजतात, दोनशेवर नाही, आणि कर, परत आलेला माल, दिलेली सूट हे वजा करून मोजतात. नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. तो छापील किमतीवर टक्के धरून बसतो आणि हातात येतं भलतंच. टक्के किती, याला ठरलेला भाव नाही. कपड्यांत साधारण पाच ते दहा ऐकू येतात. खाण्याच्या वस्तूंत नफा पातळ, म्हणून टक्केही कमी. मुलांच्या दप्तरावरच्या छोटा भीमसारख्या चित्रांचे आणखी वेगळे. वहिनींसाठी पाच टक्के धरले तर पाकिटामागे साडेसात रुपये.

"साडेसात?" वहिनींचा उत्साह ओसरला. "साडेसातात कोथिंबिरीची जुडी येत नाही हो."

"महिन्याला हजार पाकिटं गेली तर साडेसात हजार. आणि तुम्ही एक मिरचीसुद्धा खुडलेली नाही."

"आणि नाही गेली हजार? दोनशेच गेली?"

हा खरा बटाईदाराच्या मालकिणीचा प्रश्न. पाऊस न पडला तर? कापसाला बोंडअळी लागली तर? त्यावर आपल्याकडे जुना उपाय आहेच. काही लोक शेत बटाईनं न देता नफ्यानं देतात, म्हणजे वर्षाचे ठोक पैसे आधी ठरतात, पीक येवो न येवो. नावाच्या धंद्यात शहाणे मालक दोन्ही एकत्र करतात. ठोक रक्कम ठरवतात, समजा महिन्याला तीन हजार. विक्रीचे टक्के त्यापेक्षा जास्त भरले तर टक्के घ्यायचे, कमी भरले तरी तीन हजार सुटत नाहीत. माझ्या बुककीपिंगच्या प्रकरणातला खाणमालक हेच करायचा. कोळसा निघो न निघो, किमान भाडं ठरलेलं. याचा एक फायदा पैशापलीकडचा आहे. ज्याच्या डोक्यावर तीन हजारांचा बोजा आहे तो माल घरात ठेवून झोपत नाही, विकायला बाहेर पडतो.

"म्हणजे बटाईपण आणि नफापण!" वहिनी एकदम खुलल्या. "हाई चांगलं शे."

आबा म्हणाले, "एवढं सोपं असेल तर सगळे हेच करतील. कारखाने कोण चालवेल?"

करतातच. न्यूयॉर्कमध्ये ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप नावाची कंपनी आहे, २०१० मध्ये सुरू झालेली. तिच्या हातात पन्नासहून जास्त नावं आहेत. ती स्वतः बूट शिवत नाही, कापड विणत नाही. पडलेली, दमलेली, पण लोकांना अजून आठवणारी नावं विकत घ्यायची, मग देशोदेशीच्या उत्पादकांना वापरायला द्यायची, आणि टक्के मोजत बसायचं. रीबॉक हे बुटांचं नाव तिनं २०२२ मध्ये आदिदासकडून घेतलं. भारतात ते चालवायचा करार आदित्य बिर्ला समूहाच्या कपड्यांच्या कंपनीशी. म्हणजे आबांच्या नातवाच्या पायातला बूट विकणारे इथले, आणि प्रत्येक जोडामागे थोडा वाटा जातो न्यूयॉर्कला, ज्यांनी चामड्याचा तुकडाही कापलेला नाही. आणखी पुढची गंमत सांगते. मर्लिन मन्रो १९६२ मध्ये वारली, एल्विस प्रेस्ली १९७७ मध्ये. त्यांची नावं-चेहरेही याच कंपनीकडे. मेल्यावर कमावतात म्हणतात ते असं.

"आपल्याकडे मेल्यावर तेराव्याचा खर्च," वहिनी म्हणाल्या.

आपल्या दुकानांत दिसणारा तो घोडेवाला टी-शर्टही तसाच. यू. एस. पोलो असोसिएशन ही अमेरिकेतली पोलो खेळणाऱ्यांची १८९० सालची संघटना. भारतात तिचं नाव अरविंदवाले करारानं चालवतात. जळगावात पोलोचा घोडा कुणी पाहिलेला नाही, टांग्याचा पाहिलाय. पण लग्नसराईत चारातला एक नवरदेवाचा मित्र त्या घोड्यासकट हजर असतो.

मी जरा वाहवत गेले होते. वहिनींनी मला भिंतीवर आणलं. "ताई, ते टक्के वगैरे ठीक. पण ती भाची दगडफूल कमी टाकते. मागच्या वेळी तिच्याकडे गेले तर मसाल्याला वासच नव्हता. आणि खोबरं भाजत नाही, नुसतं शेकते. वर माझा फोटो! लोक कुणाला शिव्या देतील?"

धंद्याच्या पुस्तकात जे पाच पानं घेऊन सांगतात ते वहिनींनी दगडफुलात सांगितलं. बटाईदार शेत खराब करू शकतो. एकच पीक पुन्हापुन्हा घेऊन जमिनीचा कस काढतो, बांध फोडतो. नावाचंही तेच. पियरे कार्दां हा पॅरिसचा थोर शिंपी, २०२० मध्ये ९८ व्या वर्षी वारला. त्यानं आपलं नाव आठशेहून अधिक वस्तूंना दिलं, अगदी तळायच्या तव्यापर्यंत. पैसा मिळाला अमाप, पण ज्या नावाचा अंगरखा घालणं एकेकाळी मिरवणं होतं ते नाव हळूहळू कुठेही सापडायला लागलं. आपल्याकडे त्या नावाची पेनं फ्लेअर ही मुंबईची कंपनी करारानं बनवते. मी रिटायर झाले तेव्हा मला तशी तीन मिळाली, शाल-श्रीफळाबरोबर. पेनं छान चालतात, तक्रार नाही. पण पॅरिसच्या शिंप्याचं नाव नेहरूशर्टाच्या खिशाला, याची मला अजून मौज वाटते.

उलटा अनुभवही आहे. मी एकदा ज्यूसर घेतला, नाव बघून. माझ्या वडिलांच्या वेळचं फार विश्वासाचं नाव. चार महिन्यांत मोटार जळली. नाववाल्यांना फोन केला तर म्हणाले, आम्ही बनवत नाही, अमक्याला करा. अमक्यांचा फोन लागेना. लागला तर म्हणाले, आमचा करार मार्चमध्ये संपला. तेव्हापासून तो ज्यूसर माळ्यावर आहे आणि ते नाव माझ्या मनातून उतरलंय, ज्यांनी तो बनवलाच नाही त्यांचं.

म्हणून वहिनींना मी सांगितलं की करारात टक्क्यांआधी मसाला लिहायचा. दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं. प्रत्येक घाण्याचा नमुना आधी जळगावला, तुमच्या नाकाखाली. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाकीट बंद व्हायचं नाही. तिची विक्रीची वही बघायचा हक्क तुमचा. मुलूख ठरवायचा, पुण्यापुरतं नाव तिचं, जळगाव-धुळं तुमच्याकडेच. माल ठरवायचा, फक्त काळा मसाला. उद्या लोणचं काढायचं तर नवी बोली. मुदत तीन वर्षं, आणि मुदत संपल्यावर उरलेली पाकिटं किती दिवसांत संपवायची तेही आत्ताच.

"आणि नाव आधी स्वतःच्या नावावर नोंदवा," आबा मध्येच म्हणाले. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण हे मी विसरले होते. "नाहीतर भाचीनंच नोंदवलं तर तुमचंच नाव तुम्हाला वापरता यायचं नाही."

बरोबर होतं. ट्रेडमार्कच्या नोंदणीत मसाले ३० व्या वर्गात येतात. एकट्या माणसानं ऑनलाइन अर्ज केला तर फी साडेचार हजार. नोंदणी दहा वर्षांची, पण दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर तिला शेवट नाही. पेटंट वीस वर्षांत संपतं, माणूस शंभरीत संपतो. नाव मात्र फी भरणारा वारस असेपर्यंत जिवंत.

नाव परत मागितलं की काय होतं, ते आबांच्या पोर्चमध्येच उभं आहे. त्यांच्या जुन्या स्प्लेंडरवर 'हिरो होंडा' लिहिलंय. १९८४ पासून हिरो आणि होंडा एकत्र होते, २०१० च्या डिसेंबरात वेगळे व्हायचं ठरलं. होंडाचं नाव लावायची मुभा २०१४ पर्यंत. मधल्या काळात कंपनीनं स्वतःचं नाव हिरो मोटोकॉर्प केलं आणि लोकांच्या तोंडातून 'होंडा' पुसायचं अवघड काम हाती घेतलं. खान्देशात ते अजून पूर्ण झालेलं नाही. आमचा दूधवाला नव्या गाडीलाही हिरो होंडाच म्हणतो.

"चेतकचं सांगा ना," आबा म्हणाले. ते तर मराठी माणसाला पाठ असायला हवं. बजाज १९६० पासून पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होते. १९७१ मध्ये परवाना संपला. कारखाना तोच, कामगार तेच, स्कूटर जवळपास तीच. फक्त व्हेस्पा हे नाव गेलं. मग बजाजनी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं. पुढे त्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, हुंड्यात मागितली, पहिला पगार तिच्यावर घातला. भाड्याच्या घरातून निघून स्वतःचं बांधलं तसं ते झालं. पण एक चेतक म्हणून दिसते. नाव गेल्यावर बुडालेले किती, ते कुणी मोजत नाही.

वहिनी आत जाऊन भरताची वाटी घेऊन आल्या आणि भिंतीवर ठेवली. वर कच्च्या तेलाची धार, शेजारी कळण्याची भाकरी. खाता खाता म्हणाल्या, "मग आपल्या वांग्याचं काय? तेपण बटाईनं देता येईल? 'जळगावचं भरीत' म्हणून पुण्यात काय काय खपवतात, बघवत नाही."

वहिनी कधीकधी असा प्रश्न विचारतात की मी मॅट्रिकच्या बाकावर जाऊन बसते. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची अशी मानांकनाची बावीस टन केळी २०२१ मध्ये दुबईला गेली. पण हे नाव आणि ट्रेडमार्क यांत मोठा फरक आहे. मानांकनाचा जो १९९९ चा कायदा आहे तो म्हणतो की हे नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि वापरायला भाड्यानं देताही येत नाही. ते त्या मातीत पिकवणाऱ्या सगळ्यांचं. नोंदलेल्या वापरकर्त्यानं ते लावायचं, बस. न्यूयॉर्कच्या कंपनीनं कितीही डॉलर ओतले तरी तिला 'जळगाव केळी' विकत घेता येणार नाही. कोडॅक घेता येईल.

"गावठाणासारखं," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, गावठाणसुद्धा विकतात आता. गायरान म्हणा.

आणि स्वयंपाकघरात पाय ठेवला की नावाचे पैसे कुठे कुठे जातात ते वेगळंच. साबण, चहा, कपडे धुवायची पावडर. हिंदुस्तान युनिलिव्हर आपल्या लंडनच्या मालक कंपनीला नावं, तंत्रज्ञान आणि सेवा यांचे मिळून पैसे देते. २०२३ मध्ये ठरलं की विक्रीच्या २.६५ टक्क्यांवरून ते तीन वर्षांत ३.४५ पर्यंत न्यायचे. टाटा कंपन्याही टाटा नाव लावण्यासाठी टाटा सन्सला विक्रीच्या पाव टक्क्यापर्यंत देतात, नफ्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. टाटा सन्सचा ६६ टक्के हिस्सा धर्मादाय विश्वस्त संस्थांकडे. चिमूटभर मिठातून पाव टक्का, त्यातून पुढे एखाद्या रुग्णाचं औषध. हे मला आवडतं, हिशेब शिकवून शिकवून कोरडी झाले असले तरी.

"पण घरातल्याच कंपन्यांकडून घरचं नाव लावायचे पैसे?" आबांना पटेना.

"तुमच्या विहिरीवर पंप कुठला?"

"किर्लोस्कर. दुसरा कुठला असणार!"

१८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग लोखंडी नांगर, मग १९१० मध्ये औंधच्या महाराजांच्या माळावर किर्लोस्करवाडी. ते नाव आता किर्लोस्कर प्रोप्रायटरी नावाच्या वेगळ्या कंपनीच्या मालकीचं आहे. तिचं काम नाव सांभाळणं, आणि नाव वापरणाऱ्या कंपन्या तिला पैसे देतात. पणजोबांनी नाव कमावलं तेव्हा एकच नांगर होता. पुढच्या पिढ्यांत भावाभावांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि मग कुणी कुठल्या मालावर ते नाव लावायचं यावरून प्रकरण कोर्टात गेलं. पंप चालूच राहिले, पण नाव साक्षीला उभं राहिलं.

हे सांगताना माझ्या लक्षात आलं की वहिनी ऐकत नाहीयेत. त्या मोबाइलकडे बघत होत्या. स्क्रीनवर 'अमळनेर' असं उजळलं होतं. म्हणजे नणंद. म्हणजे भाचीची आई.

अमळनेरच्या माणसाशी कागदाबद्दल बोलताना सावध राहावं असं माझं मत आहे. १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचं पुढे विप्रो झालं. त्या गावात ज्यांनी तेव्हाचे शेअर पेटीत जपून ठेवले त्यांच्या घरी कागदानं जे पिकवलं ते शेतानं पिकवलं नाही. तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही की न दिसणाऱ्या गोष्टीला किंमत असते.

वहिनींनी स्पीकर लावला. नणंदबाईंचा आवाज भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच ऐकू येत होता.

"वहिनी, पोरीनं सांगितलं मला सगळं. चांगलं आहे. नाव तुझं टाक, फोटोही तुझा टाक, साडी ती जांभळी नेस, ती दिसते तुला. पण मसाला कुणाचा गं?"

"मसाला... सासूबाईंचा," वहिनी हळूच म्हणाल्या.

"म्हणजे माझ्या आईचा. दगडफूल मीच नेऊन द्यायचे तिला बाजारातून, तू लग्न होऊन यायच्या आधीपासून."

आबांनी झारी उचलली आणि काही न बोलता तुळशीकडे गेले. तुळशीला पाणी घालून झालेलं होतं.

"ताई," वहिनी फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "आते काय करू? शेताच्या वेळी तर यांनी हक्कसोड लिहून दिली होती."

हात नीट बसला नसावा. पलीकडून लगेच उत्तर आलं.

"शेतावर दिली. मसाल्यावर नाही दिली."